बायबलच्या तासापासून मूल्यशिक्षणापर्यंत: विदर्भातल्या मिशन शाळांची पार्श्वभूमी

विदर्भातल्या ख्रिस्ती हायस्कुलांत एका तासाला शाळेगणिक वेगळं नाव आहे. कुठे तो बायबलचा तास, कुठे नीतिशिक्षण, कुठे मूल्यशिक्षण. ही तीन नावं तीन वेगवेगळ्या काळांतून आली आणि तिन्हींची कामं वेगळी आहेत. आपण त्यांतलं कोणतं काम करतो आहोत, हे शिक्षकाला पक्कं ठाऊक नसलं की वर्गात घोळ होतो.

स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली कामठीला आले. नागपुरावर तेव्हा भोसल्यांचं राज्य होतं. त्यांनी काढलेल्या शाळेत बायबल हा शिक्षणाचा कणाच होता. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि त्याच वर्षी वुडचा खलिता, म्हणजे कंपनी सरकारचं शिक्षणधोरण, आला. खाजगी शाळांना अनुदान मिळेल, मात्र सरकारी तपासनीस धर्माच्या शिकवणीत लक्ष घालणार नाही, असं त्यात ठरलं. मिशन शाळांना पैसा मिळाला आणि बायबलचा तासही राहिला, पण तपासणीच्या बाहेर. आजही दहावीच्या गुणपत्रिकेत हा विषय नाही. त्यामुळे गणिताचा भाग मागे पडला की पहिला बळी याच तासाचा जातो. मुख्याध्यापकांनी जून महिन्यातच तो वेळापत्रकात पक्का केला नाही, तर दिवाळीनंतर तो उरत नाही.

खेड्यांत हे शिक्षण रुजलं ते बोर्डिंगांमधून. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळला आणि अनाथ मुलं मिशनच्या आसऱ्याला आली. ती सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेत वाढली, धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी तोंडपाठ करत मोठी झाली. गावातून येणारी मुलं तोच पाठ नुसता ऐकत. एकाच वर्गात श्रद्धा जगणारी मुलं आणि माहिती ऐकणारी मुलं असायची. ही फूट तेव्हापासूनची आहे.

राज्यघटनेने तिला कायद्याची चौकट दिली. कलम ३० मुळे अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा चालवता येतात. कलम २८(३) सांगतं की, मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धर्मशिक्षणाची किंवा उपासनेची सक्ती करता येणार नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती हवी. पुढे २८ ऑक्टोबर १९६५ रोजी कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणाविषयी आणि अन्य धर्मांविषयी असे दोन जाहीरनामे एकाच दिवशी काढले. त्यानंतर कॅथलिक मुलांना धर्मशिक्षण आणि इतरांना नीतिशिक्षण ही वाटणी पक्की होत गेली. धर्माची दीक्षा देणं वेगळं आणि धर्मांची ओळख करून देणं वेगळं, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या निकालात मान्य केला.

संमतीपत्रात चुका नेहमीच्याच. प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ छापायची आणि तिच्यावर अंगठा घ्यायचा, याला संमती म्हणता येत नाही. वेगळा अर्धा कागद मराठीत करावा. काय शिकवणार, आठवड्याला किती तास, प्रार्थना असेल की नाही आणि संमती नसलेलं मूल त्या वेळी काय करेल, हे त्यात लिहावं. अशा मुलाला व्हरांड्यात बसवणं ही शिक्षाच ठरते. समांतर वाचनाचा तास ठेवावा.

ख्रिस्ती मुलांच्या वर्गातही अडचणी आहेतच. उत्तर भारताच्या चर्चची (अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन झालेल्या मंडळीची) स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच झाली. त्या मंडळीची मुलं आणि कॅथलिक मुलं बऱ्याचदा एका बाकावर बसतात. बायबलच्या दहा आज्ञांतली ‘चोरी करू नको’ ही आज्ञा कॅथलिक मोजणीत सातवी येते, तर बहुतेक प्रॉटेस्टंट मोजणीत आठवी, कारण कॅथलिक परंपरा पहिल्या दोन आज्ञा एक धरते आणि लोभाच्या आज्ञेचे दोन भाग करते. घरी शिकलेला आकडा शाळेत चूक ठरला की मूल हिरमुसतं. म्हणून क्रमांक विचारू नये, आज्ञा विचारावी.

येशूच्या दाखल्यांना, म्हणजे बोधकथांना, मात्र आपल्याकडे सुपीक जमीन मिळते. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी वाटेवर पडतं. तिफणीच्या, म्हणजे पेरणीच्या अवजाराच्या, मागे बी सोडायचं सरतं धरलेली आई रोज पाहणारं मूल विचारतं, ‘वाटेवर कोण पेरते?’ पॅलेस्टाइनमध्ये बी हाताने फेकून पेरत, हे आधी सांगावं. मग खडकाळ जागा म्हणजे बरड आणि चांगली जमीन म्हणजे काळी कसदार, हे मुलं स्वतःच जुळवतात.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांच्या दाखल्याला जास्त वेळ लागतो. संध्याकाळी पाचला आलेल्यालाही पहाटेपासून राबलेल्याइतकाच एक दीनार मिळतो. कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे आठवीच्या वर्गाला हा सरळ अन्याय वाटतो. इथे लगेच ‘देवाची कृपा’ असं उत्तर देऊन मोकळं होऊ नये. दीनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी, हे सांगावं आणि उरलेला तास मुलांना वाद घालू द्यावा: दिवसभर नाक्यावर उभं राहूनही काम न मिळालेल्या माणसाच्या घरी त्या रात्री चूल कशी पेटणार?