कापड बेतायचं धमनीच्या मापानं

पोटातली महाधमनी साधारण 2 सेंटीमीटर रुंद असते. भिंत कमजोर झाली की ती फुगत जाते. पुरुषांमध्ये फुगवटा 5.5 सेंटीमीटरपर्यंत पोचला की शस्त्रक्रियेचा विचार होतो, कारण तो फुटला तर फार थोडे रुग्ण वाचतात. 1990 मध्ये अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सला हुआन पारोदी या सर्जननी पोट न उघडता, जांघेतल्या धमनीतून एक कापडी नळी आत सरकवली आणि फुगवट्याला आतून अस्तर लावलं.

पंचाईत होते ती फुगवटा मूत्रपिंडांच्या धमन्यांना भिडलेला असला की. नळी घट्ट बसायला निरोगी भिंत हवी, म्हणून ती आणखी वर न्यावी, तर मूत्रपिंडांचं रक्तच तुटतं. मग कापडाला नेमक्या जागी भोकं हवीत. तशी नळी मापानुसार बनून यायला कित्येक आठवडे लागतात. ज्या रुग्णाला तेवढी सवड नसते, त्याच्यासाठी काही सर्जन तयार नळीच बेतून घेतात.

पण भोक कुठे पाडायचं? नळी मुद्दामच धमनीपेक्षा थोडी रुंद घेतात. आत गेल्यावर ती दबते, कापडाला चुण्या पडतात आणि सपाट मोजलेलं माप सरकतं. थ्रीडी प्रिंटचं खरं मोल मला इथे दिसतं. सीटी स्कॅनमध्ये औषधामुळे रक्ताचा प्रवाह उजळ दिसतो. संगणक तेवढाच आकार वेगळा काढतो, त्याच्या बाहेरून भिंतीची जाडी चढवतो आणि प्रिंटर पारदर्शक राळेची पोकळ धमनी थरावर थर देत उभी करतो. ती निर्जंतुक करतात, तेही जपून: उष्णतेनं राळ वाकली तर सगळं माप वाया.

मग सर्जन नळी या प्रतिकृतीत उघडतात. कापड शरीरात दबेल तसंच इथे दबतं. मूत्रपिंडाच्या धमनीच्या तोंडातून पेनानं कापडावर खूण करायची, नळी बाहेर काढायची, खुणेवर तापल्या टोकानं डाग देऊन भोक पाडायचं, काठाला धातूच्या तारेचं कडं शिवायचं. एक्स-रेवर भोक ओळखू येतं ते या कड्यामुळे. शेवटी नळी पुन्हा घट्ट दाबून म्यानात, म्हणजे ज्या बारीक आवरणातून ती शरीरात सरकवतात त्यात.

प्रतिकृती मात्र स्थिर असते. शरीरात, नळी जिच्यावरून सरकवतात ती ताठ तार शिरली की वाकडी धमनी थोडी सरळ होते, धमन्यांची तोंडं हलतात. म्हणून नळी पूर्ण उघडण्याआधी औषध सोडून कडं आणि तोंड पुन्हा जुळवून पाहावंच लागतं.