सम्टर किल्ल्यावरच्या तोफांमागची माणसे

अमेरिकेतील यादवी युद्धाची कथा बहुधा लिंकन यांच्यापासून सुरू केली जाते; परंतु ते राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले ती ६ नोव्हेंबर १८६० ची निवडणूक आणि सम्टर किल्ल्यावर तोफा धडाडल्या ती १२ एप्रिल १८६१ ची पहाट यांमधल्या पाच महिन्यांचे मुख्य पात्र संघराज्याच्या सैन्यातील मेजर रॉबर्ट अँडरसन हेच ठरतात. केंटकीत जन्मलेले, जॉर्जियाच्या घराण्याचे जावई आणि पूर्वी स्वतः गुलाम बाळगलेले अँडरसन मनाने दक्षिणेला जवळचे असले, तरी सैनिकी शपथेला बांधलेले होते. साउथ कॅरोलायनाने २० डिसेंबरला संघराज्यातून बाहेर पडण्याचा ठराव केला. सहाच दिवसांनी अँडरसन यांनी जमिनीच्या बाजूने असुरक्षित असलेला मोल्ट्री किल्ला रातोरात सोडला आणि आपली छोटी तुकडी चार्ल्सटन बंदराच्या तोंडावरील सम्टर किल्ल्यात हलवली. रक्तपात टाळण्यासाठी केलेली ही हालचाल शहरवासीयांना मात्र विश्वासघात वाटली.

साउथ कॅरोलायनात सुमारे सात लाख वस्तीपैकी चार लाखांहून अधिक लोक गुलाम होते, हे ध्यानात घेतल्याशिवाय हा संताप कळत नाही. मळेवाले जेम्स हेन्री हॅमंड यांनी १८५८ मध्ये सिनेटमध्ये ‘कापूस हाच राजा’ असे बजावले होते. (पुढे युद्धामुळे अमेरिकी कापूस अडला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांची चांदी झाली, १८६५ मध्ये युद्ध संपताच त्यांतल्या अनेकांचे दिवाळे वाजले.) व्हर्जिनियाचे शेतीतज्ज्ञ एडमंड रफिन तर संघराज्यातून बाहेर पडण्यात आपले राज्य मागे राहिले म्हणून चार्ल्सटनला येऊन ठाकले. पहिला गोळा त्यांनीच डागला, ही आख्यायिका आहे. बंदरालगतच्या जेम्स बेटावरून इशाऱ्याचा गोळा त्याआधीच सुटला होता.

माझ्या मते सर्वांत मोठा घोळ लिंकन यांचे परराष्ट्रमंत्री विल्यम स्यूअर्ड यांनी घातला. किल्ला रिकामा होईल असा दिलासा ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कॅम्बेल यांच्यामार्फत फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या दूतांना देत राहिले, आणि लिंकन यांनी मात्र ६ एप्रिलला साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर पिकन्स यांच्याकडे निरोप धाडला की, किल्ल्यात केवळ अन्नधान्य पोचवले जाईल. दक्षिणेला आपण फसवले गेलो असे वाटले, ते यामुळेच.

किल्ल्यावर तोफा रोखणारे दक्षिणेचे सेनापती बोरगार्ड हे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत अँडरसन यांच्याकडेच तोफखान्याचे शास्त्र शिकले होते. शरणागतीची मागणी घेऊन ११ एप्रिलला किल्ल्यावर गेलेल्यांत माजी सिनेटर जेम्स चेस्नट होते. पहाटे साडेचारला तोफा सुरू झाल्या तेव्हा त्यांच्या पत्नी मेरी यांनी आधी गुडघे टेकून प्रार्थना केली व मग त्या गच्चीवर धावल्या. त्या रात्रीचे चित्र आपल्यापर्यंत पोचले आहे ते बरेचसे त्यांच्या रोजनिशीमुळे.

चौतीस तासांच्या माऱ्यात दोन्ही बाजूंचा एकही सैनिक मेला नाही. १४ एप्रिलला किल्ला सोडताना निशाणाला दिलेल्या तोफांच्या सलामीत स्फोट झाला आणि शिपाई डॅनियल हाउ ठार झाला. दुसऱ्या दिवशी लिंकन यांनी ७५,००० स्वयंसैनिकांची मागणी केली, आणि तोवर कुंपणावर बसलेल्या व्हर्जिनियाने दोनच दिवसांत बाहेर पडण्याचा ठराव केला.