स्टँड मिक्सरवरील केक

खांबावर बसवलेली मोटर, तिच्याखाली स्टीलचे भांडे आणि त्यात फिरणारे बीटर अशा यंत्रावर लोणी, साखर, अंडी व मैदा फेटून केक करण्याची पद्धत. ठाणे आणि नवी मुंबईत घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी हे यंत्र बेकरीतून फ्लॅटच्या ओट्यावर आणले. त्याआधी इथल्या मराठी घरांत केक व्हायचा तो वाळू घातलेल्या कुकरमध्ये किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या गोल ओव्हनमध्ये, आणि फेटणे हातानेच. नानकटाईसाठी परातीत तळहाताने तूप फेसलेल्या बाईला लोणी-साखर फेटणे नव्याने शिकवावे लागत नाही.

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या होबार्ट कंपनीने आधी बेकऱ्यांसाठी विजेवरचे मोठे मिक्सर बनवले. 1919 मध्ये तिने ‘किचनएड’ या नावाने घरगुती मॉडेल आणले. ब्रिटनमध्ये केनेथ वूड यांचा ‘केनवूड शेफ’ 1950 चा. या यंत्रांत बीटर स्वतःभोवती फिरता फिरता भांड्यालाही फेरी घालतो. तीन जोडण्या सोबत मिळतात: लोणी-साखरेला चपटा बीटर, अंडी व क्रीमला तारांचा व्हिस्क आणि पावाच्या कणकेला हुक. केकला हुक लागत नाही.

यंत्राचे खरे काम हवा कोंडण्याचे. साखरेचे टोकदार कण लोण्यात घुसताना बारीक बुडबुडे अडकतात. बेकिंग पावडर नवे बुडबुडे जवळजवळ तयार करत नाही, असलेलेच फुगवते. म्हणून फेटताना राहिलेली कसर पावडर वाढवून भरून निघत नाही. आपली नेहमीची साखर जाड असते. ती वाटणाच्या मिक्सरच्या भांड्यातून एक-दोनदा फिरवून बारीक करावी, पण पार पिठी करू नये, कारण मग कणांना धार उरत नाही.

लोणी साधारण 18 ते 20 अंश सेल्सिअसला सर्वांत चांगली हवा धरते, आणि ठाण्यात एप्रिल-मे महिन्यांत स्वयंपाकघरच तिशीच्या पुढे असते. ‘लोणी रूम टेंपरेचरला आणा’ ही पुस्तकी सूचना इथे शब्दशः पाळली तर लोण्याचे तेल होते आणि केक दडदडीत बसतो. बोट दाबल्यावर खळगा पडावा, पण बोटाला तेलकट चकाकी लागू नये, ही खूण घड्याळापेक्षा भरवशाची. शिवाय बीटरच्या घर्षणानेही लोणी तापते. उन्हाळ्यात भांडे आधी फ्रीजमध्ये ठेवावे आणि लोणी अंमळ घट्ट असतानाच सुरुवात करावी. मध्यम गतीवर तीन ते पाच मिनिटांत रंग पांढुरका होतो. मधे थांबून कडा व तळ स्पॅच्युलाने खरवडणे चुकवू नये. अंडी मात्र फ्रीजमधून थेट घालायची नाहीत. गार अंड्याने लोणी आखडते आणि मिश्रण फाटते. ती एकेक करून घालावीत.

मैदा पडला की चित्र पालटते. आता फेटल्याने हवा वाढत नाही, मैद्यातले चिवट प्रथिन, ग्लूटेन, मात्र ताणले जाते. केकच्या पोटात बोगदे पडतात, माथा टोकदार होतो. सर्वांत कमी गतीवर मैदा आणि दूध आलटून पालटून घालावे, पांढऱ्या रेघा थोड्या उरल्या असतानाच यंत्र बंद करावे आणि उरलेले काम हाताने उरकावे. महागडे यंत्र घेऊनही केक बिघडतात ते बहुधा याच टप्प्यावर.

बिनलोण्याच्या स्पंज केकमध्ये मात्र व्हिस्कचे खरे कसब दिसते. अंडी-साखर सहा-आठ मिनिटे फेटली की व्हिस्क उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर काही क्षण रेघ धरून राहते. भांड्याला तुपाचा ओशट हात लागला असेल तर, विशेषतः अंड्याचे नुसते पांढरे फेटताना, फेस धड येत नाही.

एगलेस केकची गोष्ट वेगळी. ठाण्यात जैन आणि गुजराती गिऱ्हाईक मोठे, त्यामुळे ही मागणी नेहमीचीच. दही-सोड्याच्या बॅटरला या यंत्राची गरज नाही, साधा हाताचा व्हिस्क पुरतो. सोडा दह्याला भेटताच वायू निघू लागतो, म्हणून ओव्हन आधीच तापवून ठेवावा आणि टिन लगेच आत जावा.

खरेदीत दोन गोष्टी फसवतात. खोक्यावरचा 1000 किंवा 1500 वॅटचा आकडा मोटर वीज किती घेते ते सांगतो, फेटण्याची ताकद नव्हे. किचनएडच्या काही घरगुती मॉडेलांवर केवळ 300 वॅट लिहिलेले असते. दुसरे म्हणजे भांड्याचा आकार. अर्ध्या किलोच्या केकची दोन अंडी पाच लिटरच्या भांड्यात व्हिस्कच्या खालीच पडून राहतात. तेवढ्याला हँड मिक्सर बरा, नाहीतर किलोभराचा स्पंज करून निम्मा फ्रीझरमध्ये ठेवावा. बीटर तळापर्यंत पोहोचतो का हे पाहायला रिकाम्या भांड्यात एक रुपयाचे नाणे टाकून सर्वांत कमी गतीवर चालवावे. नाणे दर फेरीला किंचित सरकले पाहिजे. नाही सरकले तर उंचीचा स्क्रू फिरवून, ती सोय असल्यास, बीटर खाली घ्यावा.

आयसिंगचे व्हिपिंग क्रीम पुरते गार असतानाच फेटतात, शक्यतो एसीच्या खोलीत. तरीही मे महिन्याच्या दुपारी घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या केकला मिक्सर वाचवू शकत नाही. त्याला बर्फाचे पॅक लागतात. यंत्र बरेच दिवस बंद राहिले तर उष्ण हवेत गिअरचे ग्रीस सुटून बीटरच्या दांड्यावर तेल उतरते. वापरण्याआधी दांडा पुसून घ्यावा, आणि तेल पुन्हा पुन्हा येत असेल तर ग्रीस बदलून घ्यावे.