पाळी थांबली म्हणजे ट्रेनिंग भारी चाललंय असं नसतं: आमच्याकडे येणाऱ्या खेळाडू मुली आणि त्यांच्या पालकांसाठी

आमच्या फिजिओथेरपी सेंटरला नवीन येणाऱ्या मुलींना आम्ही फॉर्ममध्ये शेवटची पाळी कधी आली ते विचारतो, आणि खूप जणी तो रकाना मोकळा सोडतात किंवा पालक विचारतात की गुडघा दुखतोय त्याचा पाळीशी काय संबंध. संबंध आहे, चांगला घट्ट आहे, म्हणून हे माहितीपत्रक.

आधी एक गैरसमज काढून टाकू. धावणाऱ्या, जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या, सायकलिंगवाल्या मुलींमध्ये आजही सर्रास बोललं जातं की सीझनमध्ये पाळी गेली म्हणजे बॉडी एकदम शेपमध्ये आली. काही कोचसुद्धा हेच सांगतात. आमचं स्पष्ट मत, हे चूक आहे आणि याची किंमत हाडं मोजतात.

होतं काय, तर तुम्ही जे खाता त्यातून ट्रेनिंगमध्ये जळालेल्या कॅलरी वजा केल्या की जे उरतं त्यावर बाकीचं सगळं शरीर चालतं, हृदय, मेंदू, वाढ, हॉर्मोन्स सगळंच. पगार कमी पडला की घरात आधी काय बंद होतं, जे आत्ता नसलं तरी चालेल ते, तसंच शरीर पाळी बंद करतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठराविक वेळाने जे सिग्नल सोडतो ते मंदावतात, मग ओव्हरीला निरोप नीट जात नाही आणि इस्ट्रोजेन खाली येतं. इस्ट्रोजेनचं काम फक्त पाळीपुरतं नाही, जुनं हाड झिजवणाऱ्या पेशींना तेच लगाम घालतं. सोबत हाड बांधायला मदत करणारं आयजीएफ-१ पण कमी होतं, थायरॉईडचं टी३ उतरतं, ताणाचं हॉर्मोन कॉर्टिसॉल चढतं. म्हणजे झीज वाढली आणि नवीन बांधकाम पण थंडावलं, दोन्ही एकदम.

आकड्यात सांगायचं तर हिशोब चरबी सोडून उरलेल्या वजनावर करतात. त्यातल्या दर किलोला दिवसाला साधारण 45 कॅलरी उरल्या तर उत्तम, 30 च्या खाली गेलं की गडबड सुरू व्हायची शक्यता बरीच वाढते (ही काही दगडावरची रेघ नाही, कुणाला आधी त्रास होतो कुणाला नंतर). समजा एका मुलीचं वजन 50 किलो, त्यात चरबी सोडून 40 किलो, ती खाते 1900 कॅलरी आणि ट्रेनिंगमध्ये घालवते 800, उरल्या 1100, म्हणजे किलोला 27.5. आता 1900 कॅलरी ऐकून घरातल्या कुणालाच वाटणार नाही की ही पोर उपाशी आहे, तिला स्वतःलाही नाही! वजन पण स्थिर राहू शकतं कारण शरीर खर्चच कमी करतं. त्यामुळे वजनकाट्यावर जाऊ नका. 2003 मध्ये लॅबमधे केलेल्या एका अभ्यासात तर फक्त 5 दिवस एवढं कमी उरवल्यावर मेंदूकडून ओव्हरीकडे जाणाऱ्या हॉर्मोनची लय बिघडलेली दिसली होती.

याला आधी फीमेल अ‍ॅथलीट ट्रायड म्हणायचे, कमी एनर्जी, पाळी आणि हाडं असं त्रिकूट. 2014 पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती रेड-एस (खेळाडूला एनर्जी कमी पडल्याने होणारे त्रास) हा शब्द वापरते कारण त्रास या तीन गोष्टींपुरता थांबत नाही आणि मुलग्यांनाही होतो. पण मुळात गोष्ट जुनी आहे. 1984 साली बार्बरा ड्रिंकवॉटर यांच्या टीमने पाळी बंद असलेल्या खेळाडूंच्या मणक्यांची घनता मोजली, वय सरासरी पंचविशीचं, आणि ती निघाली पन्नाशीच्या बाईइतकी. 2019 मध्ये धावपटू मेरी केन हिने स्वतः जाहीर सांगितलं की तीन वर्षं पाळी नव्हती आणि पाच हाडं मोडली.

कमी वयात हे जास्त महाग पडतं. विशीपर्यंत आयुष्यभराचं बहुतेक हाड बांधून झालेलं असतं, त्यातला जवळपास चौथा हिस्सा तर वयात येतानाच्या दोनेक वर्षांत जमतो. तेव्हा राहून गेलेलं नंतर भरून निघेलच याची खात्री नाही. उड्या, धावणं यानं हाड मजबूत होतं हे खरं, पण पोहणं आणि सायकलिंगमध्ये हाडावर आदळ कमी, तिथे तेवढाही फायदा मिळत नाही.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? 15 वर्षं पूर्ण झाली तरी पहिली पाळी आलीच नाही, किंवा सुरू असलेली सलग 3 महिने आली नाही, किंवा वारंवार लांबतेय. सुरुवातीची एकदोन वर्षं पाळी अनियमित असू शकते, पण खेळाडू मुलीच्या बाबतीत त्यावर सोडून देऊ नका. डॉक्टर आधी प्रेग्नन्सी, थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हॉर्मोन), पीसीओएस हे सगळं बघतील कारण दरवेळी कारण खाणंच असतं असं नाही. गरज वाटली तर डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) सांगतील, त्यात तरुण मुलींसाठी झेड स्कोअर (आपल्याच वयाच्या मुलींशी तुलना) बघायचा असतो, टी स्कोअर नाही, रिपोर्ट हातात आला की एवढं नक्की तपासा.

पाळी परत आणायला गर्भनिरोधक गोळी घेतली की झालं असं खूप जणांना वाटतं. गोळीवर दर महिन्याला जो रक्तस्राव होतो तो गोळीमुळे होतो, मूळ प्रॉब्लेम तसाच राहतो आणि वर झाकला जातो, हाडांना संरक्षण मिळत नाही. खरा उपाय म्हणजे खाणं वाढवणं, लागलं तर ट्रेनिंग कमी करणं. रोज सव्वातीनशेच्या आसपास कॅलरी वाढवून पाळी परत यायची शक्यता वाढते असं एका वर्षभराच्या अभ्यासात दिसलंय, पण महिने लागतात, आणि हाडाला वर्षं. कॅल्शियम 9 ते 18 वयात दिवसाला 1300 मिलिग्रॅम हवं, व्हिटॅमिन डी पण बघून घ्या, मात्र पोट अर्धं ठेवून कॅल्शियमच्या गोळ्या खाण्यात अर्थ नाही.

दुखण्याबद्दल: नडगी किंवा पायाच्या पंजात एका बोटाने दाखवता येईल असं एकाच जागी दुखतंय, धावताना वाढतंय, तर स्ट्रेस फ्रॅक्चर असू शकतं. सुरुवातीला एक्स-रे बऱ्याचदा नॉर्मल येतो, म्हणून एक्स-रे क्लिअर आहे म्हणत स्पर्धेला उतरू नका, एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. जांघेत खोल दुखत असेल आणि पाय टेकवला की कळ येत असेल तर त्याच दिवशी थांबा, मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर सरकलं तर ऑपरेशनपर्यंत जातं.

आम्ही डॉक्टर नाही, निदान करत नाही. फॉर्मवरची पाळीची माहिती फक्त तुमची फिजिओ बघते, कोचला तुमच्या परवानगीशिवाय जात नाही. डॉक्टरांनी ब्रेक सांगितला तर चिठ्ठी दाखवा, उरलेले सेशन्स पुढे ढकलून देऊ, वाया जाणार नाहीत.