न जाणवणारं कंपन, सुधारणारी पकड

सत्तरीतल्या माणसाला शर्टाचं बटण लावताना त्रास होतो, तेव्हा दोष नेहमी स्नायूंचाच असतो असं नाही. बोटांच्या टोकांतली माइसनर कणिका नावाची स्पर्शग्राहकं वयानुसार विरळ होतात. वस्तू निसटतेय ही खबर देण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. योहान्सन आणि वेस्टलिंग या संशोधकांनी 1984 मध्ये स्वीडनमध्ये दाखवलं की वस्तू जराशी घसरली तरी सुमारे 70 मिलिसेकंदांत, आपल्या नकळत, पकड घट्ट होते. ही खबरच पुसट झाली की हात खबरदारी म्हणून जास्त दाबतो. कागदी कप चेपतो तो त्यामुळे.

यावरचा एक उपाय जरा उलटा वाटेल: त्वचेला आणखी गोंगाट द्यायचा. जेम्स कॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं की स्पर्श जाणवण्याइतका नसेल, तर त्यात हलकं, अनियमित कंपन मिसळल्यावर तो जाणवू शकतो. दोन्ही मिळून चेता (मज्जातंतू) पेटण्याची, म्हणजे मेंदूकडे संदेश पाठवण्याची, मर्यादा ओलांडतात.

अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या वैद्यकीय विद्यापीठात ना जिन सिओ यांच्या गटाने हेच कंपन मनगटावरच्या पट्ट्यातून दिलं. बोटं मोकळी राहतात, हा त्याचा मोठा फायदा.

खरी मेख पातळी ठरवण्यात आहे. कंपन हळूहळू वाढवत 'आता जाणवलं' म्हणेपर्यंत न्यायचं, मग 'गेलं' म्हणेपर्यंत उतरवायचं. असं काही वेळा करून सरासरी काढायची आणि पट्टा तिच्या 60 टक्क्यांवर लावायचा. जाणवेल इतकं कंपन ठेवलं, तर तेच खऱ्या स्पर्शाला झाकून टाकतं. पट्टा सैल बसला तर पातळी बदलते. मोजणी पुन्हा करावी लागते. मोबाइलमधली नाण्याएवढी मोटर इथे कुचकामी: तिचा जोर आणि वारंवारता एकत्रच बदलतात, अनियमित कंपन तिला नीट जमत नाही.

परिणाम पाहायला नऊ खुंट्यांची चाचणी पुरते: खुंट्या भोकांत बसवून परत काढायला लागलेले सेकंद मोजायचे. पण आधी बंद, मग चालू असा क्रम ठेवलात तर निव्वळ सरावाने वेळ घटतो आणि श्रेय पट्ट्याला जातं. म्हणून क्रम अदलाबदल करावा. कंपन जाणवतच नसल्याने पट्टा चालू आहे की बंद, हे वापरणाऱ्याला कळत नाही. चाचणीच्या दृष्टीने ही आयतीच सोय.

सांधे आखडले असतील किंवा मधुमेहाने चेता पार निकामी झाली असेल, तर मात्र या पट्ट्याकडून फार अपेक्षा नको.