माथेरानमध्ये ओझे कोण वाहते: मोटारबंदी असलेल्या गावाची पार्श्वभूमी

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर असलेल्या माथेरानला येणाऱ्या प्रत्येकाला आपली गाडी दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते. तेथून बाजारपेठेपर्यंतचे अडीच-तीन किलोमीटरचे अंतर पायी, घोड्यावर, आजवर हातरिक्षातही, तसेच जवळच्या अमन लॉज स्थानकाहून सुटणाऱ्या छोट्या रेल्वेच्या शटल गाडीने किंवा अलीकडच्या काळात ई-रिक्षाने कापायचे असते. दोन दिवसांच्या सुट्टीवर आलेल्या मुंबई-पुणेकराला हॉर्न आणि धूर नसलेला हा लाल मातीचा रस्ता सुखावतो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु गावातल्या चार-साडेचार हजार माणसांचे किराणा सामान, गॅसचे सिलिंडर, सिमेंटची पोती आणि शाळकरी मुलांची दप्तरेही याच वाटेने ये-जा करतात. त्यामुळे माथेरानचे रोजचे जगणे समजून घ्यायचे असेल, तर कोणता पॉइंट कोठे आहे यापेक्षा येथे आजवर ओझे कोणी वाहिले, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

माथेरानचा ‘शोध’ ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट यांनी मे १८५० मध्ये लावला, असे बहुतेक माहितीपुस्तकांत वाचायला मिळते. पायथ्याच्या चौक गावी मुक्काम असताना ते आज वन ट्री हिल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकडीच्या बाजूने वर चढले, रामबागेच्या वाटेने खाली उतरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुन्हा राहायला आले. मात्र ज्या वाटांनी ते चढले-उतरले, त्या आधीच मळलेल्या होत्या. डोंगरावर आणि त्याच्या उतारांवर धनगर, ठाकर आणि कातकरी यांची वस्ती होती, गुरे चरत होती, लाकूडफाटा आणि रानमेवा खाली उतरत होता. तेव्हा १८५० साली नवे घडले ते एवढेच की, या डोंगराकडे हवा खाण्याची जागा म्हणून पाहणारा पहिला सरकारी अधिकारी येथे पोहोचला.

त्यानंतरची घडामोड वेगाने झाली, त्यामागे रेल्वे होती. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे सुरू झालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५६ मध्ये माथेरानच्या पायथ्याच्या नेरळवरून खोपोलीपर्यंत पोहोचला, आणि त्याच सुमारास गव्हर्नर लॉर्ड एलफिन्स्टन यांनी माथेरानमध्ये रस आणि मुक्काम दोन्ही घेतल्यामुळे नेरळहून वर येणारा रस्ता तयार झाला. महाबळेश्वरला जाण्यासाठी त्या काळी कित्येक दिवसांची तयारी लागत असे, तर माथेरान मुंबईहून एका दिवसात गाठता येऊ लागले. इंग्रज अधिकाऱ्यांपाठोपाठ पारशी आणि बोहरा व्यापाऱ्यांनी येथे बंगले बांधले. या बंगल्यांसाठी झाडीत प्रशस्त प्लॉट आखले गेले आणि ज्यांच्या कष्टांवर ते बंगले चालत, त्या दुकानदार, हमाल आणि कारागिरांसाठी बाजाराची दाटीवाटीची पट्टी उरली. माथेरानच्या नकाशात ही वाटणी आजही स्पष्ट दिसते. पॉइंटांकडे जाणाऱ्या वाटांवर फाटकामागे बंगला दिसतही नाही, आणि बाजारात मात्र घराला घर चिकटलेले असते.

नेरळहून वर येण्यासाठी त्या काळी तट्टू, पालखी आणि खांद्यावरून वाहून नेण्याची खुर्ची, अशी साधने होती आणि सामान हमालांच्या डोक्यावरून येई. ठाकर आणि कातकरी सरपण आणीत, धनगर दूध पुरवीत. म्हणजे ज्यांच्या पायवाटांवरून साहेब वर आला, त्यांनाच पुढे त्याच वाटांवरून त्याच्या घराचा रोजचा रतीब घालावा लागला. पायथ्याच्या वाड्यांतील बायका आजही जांभळे, करवंदे आणि रानभाज्या घेऊन चढण चढतात, आणि संध्याकाळी रिकाम्या पाट्या घेऊन उतरतात. दीडशे वर्षांत बदलले असेल ते फारतर गिऱ्हाईक.

ओझ्याच्या या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला तो छोट्या रेल्वेमुळे. मुंबईचे उद्योजक सर आदमजी पीरभॉय यांना एकदा नेरळला घोडा मिळाला नाही की पालखी, तेव्हा आता येईन तो माझ्याच रेल्वेने, असे म्हणत ते परत फिरले, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, प्रत्यक्षात त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी या प्रकल्पाचा पाठपुरावा केला, १९०४ मध्ये काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली. पीरभॉय कुटुंबाने त्यासाठी सुमारे १६ लाख रुपये घातले. अवघ्या दोन फुटी रुळांवरून सुमारे २१ किलोमीटर अंतर कापणाऱ्या या मार्गाला बोगदा जवळजवळ नाहीच, जो आहे तो चार पावलांचा. डोंगराला वळसे घालीत, काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट एवढा चढ चढत गाडी जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्थानके घेत वर येते. तीव्र वळणांवर रूळ न सोडता धावावे म्हणून तिच्यासाठी खास रचनेची वाफेची इंजिने जर्मनीहून मागवली होती. नगरपालिका त्याआधीच, १९०५ मध्ये, स्थापन झालेली होती. त्यामुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच माथेरानला गावपण देणाऱ्या दोन्ही गोष्टी मिळाल्या.

पर्यटकांसाठी ही गाडी म्हणजे मौज, परंतु गावाच्या दृष्टीने तिचे बंद पडणे नेहमीच महागात पडले. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग वाहून गेला आणि गाडी पूर्ववत व्हायला २००७ उजाडले. मे २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या घटनांनंतर ती पुन्हा थांबली. २०१९ च्या पावसाने केलेल्या नुकसानीनंतर नेरळहून थेट वर येणारी गाडी सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ पर्यंत वाट पाहावी लागली. येथे वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग दरवर्षीच बंद ठेवला जातो. अशा प्रत्येक खंडात नेरळ-दस्तुरी टॅक्सी आणि दस्तुरीपुढचे घोडे, हातरिक्षा व हमाल यांच्यावरच सगळा भार येत आला आहे.

बंगले, गव्हर्नर आणि रेल्वे यांच्या गोष्टीत बाजारपेठेतल्या माणसाचे नाव सहसा येत नाही. त्याला ठळक अपवाद विठ्ठल लक्ष्मण तथा भाई कोतवाल यांचा. माथेरानच्या नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले कोतवाल वकील झाले, परिसरातील शेतकऱ्यांना सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या उभारल्या आणि १९४१ मध्ये ते माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. १९४२ च्या आंदोलनात त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या भूमिगत गटाने मुंबईकडे वीज वाहून नेणारे मनोरे पाडण्याची मोहीम हाती घेतली. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. थंड हवेचे ठिकाण म्हणून लिहिल्या गेलेल्या इतिहासात ही हकिगत तळटीपेसारखी येते, हे मला अन्यायाचे वाटते, कारण डोंगरावरची सेवेकरी वस्ती आणि पायथ्याचा कर्जबाजारी शेतकरी यांचे नाते तिच्याइतके उघड दुसरीकडे दिसत नाही.

मोटारबंदीविषयीही एक गैरसमज दूर करायला हवा. माथेरान वसले तेव्हा मोटार अस्तित्वातच नव्हती, त्यामुळे ‘वाहनमुक्त गाव’ हा कोणा दूरदर्शी माणसाने सुरुवातीलाच घेतलेला निर्णय नव्हे. मोटारी आल्यानंतर त्यांना वर येऊ दिले नाही आणि पुढे हा रिवाज नियम बनला. त्याला सर्वांत भक्कम कायदेशीर आधार ४ फेब्रुवारी २००३ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने मिळाला. तिने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. जांभ्याच्या पठारावरचे सदाहरित जंगल, त्यातले शेकरू आणि झाडीतून वाट काढणारे मातीचे रस्ते टिकले याचे श्रेय या निर्बंधांना द्यावेच लागेल. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचे वाहन यांना मुभा आहे. बाकी सर्व वाहतूक माणसे आणि जनावरे यांच्याच बळावर चालत राहिली, आणि त्याचा परिणाम दरांवर झाला. विटा असोत की बटाटे, नेरळच्या भावात दस्तुरीपुढची हमाली मिळवल्यावरच माथेरानचा भाव ठरतो.

घोडा हा या व्यवस्थेचा कणा आहे. गावात परवानाधारक घोडे चारशेहून अधिक आहेत, आणि प्रवासी नेणाऱ्या घोड्यांशिवाय माल वाहणारी जनावरेही आहेत. मोसम चालतो तो दिवाळी, नाताळ आणि एप्रिल-मे या काळात. पावसाळ्यात उत्पन्न आटते, पण घोड्याचा चारा थांबत नाही. पर्यटनाच्याच आधाराने चपला-बूट बनवणारे कारागीर, चिक्की आणि मध विकणारी दुकाने, घरातच खोल्या भाड्याने देणारी कुटुंबे अशी साखळी उभी राहिली. पाण्याची मुख्य सोय पिसारनाथाच्या मंदिराजवळच्या शार्लोट तलावाची. नंतरच्या काळात उल्हास नदीचे पाणीही टप्प्याटप्प्याने उपसून वर चढवले जाऊ लागले. 

हातरिक्षाची गोष्ट मात्र वेगळी. उतारावर एक जण पुढून आवरत असे, चढावर एक ओढत असे आणि दोघे मागून ढकलत असत. अशा ९४ परवानाधारक हातरिक्षांवर गावातली अनेक कुटुंबे अवलंबून होती. हे काम करणाऱ्यांनीच आपल्याला यातून सुटका हवी म्हणून पर्यावरणपूरक ई-रिक्षांची मागणी लावून धरली, हे लक्षात घेण्याजोगे आहे, कारण बाहेरच्यांना या रिक्षेत ‘वारसा’ दिसत होता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर परवानगी दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा दस्तुरी ते बाजार मार्गावर धावू लागल्या. प्रवाशाला ३५ रुपये आणि विद्यार्थ्याला पाच रुपये असे दर ठरले. रोज चालत शाळा गाठणाऱ्या मुलांसाठी हा फरक फार मोठा होता. घोडेवाल्यांनी या बदलाला विरोध केला. त्यांच्या उत्पन्नाचा प्रश्न खरा होताच, शिवाय ई-रिक्षांसाठी रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवरून घोडे घसरतात, ही तक्रारही त्यांनी मांडली.

हा वाद अखेर पुन्हा न्यायालयातच गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची पद्धत मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवली, हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला आणि त्या ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर ई-रिक्षा देण्याची योजना राबवण्यास राज्य सरकारला सांगितले. पेव्हर ब्लॉक दस्तुरी नाक्यापासून बाजारातील शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच बसवता येतील आणि आतल्या रस्त्यांवर व पायवाटांवर ते नकोत, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. या आदेशाचा विषय माणसांची ने-आण हा आहे. दस्तुरीवर उतरलेला माल आतल्या मातीच्या रस्त्यांनी हॉटेलांपर्यंत आणि घरांपर्यंत पोहोचवणारे हातगाडीवाले आणि हमाल, तसेच पाट्या घेऊन चढणाऱ्या वाड्यांतील बायका त्याच्या कक्षेबाहेरच आहेत.