एसेन्शियल ऑइल की फ्रॅग्रन्स ऑइल: डिफ्यूजरमध्ये नेमकं काय घालायचं?

बाटलीवर ‘आवश्यक तेल’ असं मराठीत छापलेलं दिसलं की मला गप्प बसवत नाही. एसेन्शियल हा शब्द इथे ‘इसेन्स’वरून, म्हणजे अर्क किंवा सार या अर्थाने आला आहे, गरजेशी त्याचा काहीही संबंध नाही. ‘सुगंधी अर्कतेल’ म्हटलं तरी अर्धा घोळ मिटेल. उरलेला अर्धा चिवट आहे. एसेन्शियल ऑइल आणि फ्रॅग्रन्स ऑइल एकच समजून दोन्ही डिफ्यूजरमध्ये, म्हणजे खोलीत सुगंध पसरवणाऱ्या यंत्रात, ओतली जातात. मग यंत्र बंद पडतं, टेबल चिकट होतं, आणि दोष मात्र डिफ्यूजरच्या माथी येतो.

एसेन्शियल ऑइल बहुतेकांना ठाऊक असतं: पानं, फुलं, लाकूड यांतून वाफ सोडून ऊर्ध्वपातनाने काढलेलं, किंवा संत्र्या-लिंबाच्या साली दाबून मिळवलेलं. फ्रॅग्रन्स ऑइल म्हणजे जुळवून तयार केलेला सुगंध. त्यातले बरेचसे घटक कारखान्यात बनतात. इथवर कुणाचं अडत नाही.

अडतं ते यापुढे. ‘नैसर्गिक ते चांगलं, कृत्रिम ते विषारी’ अशी सरळ वाटणी केली जाते आणि ती चूक आहे. व्हॅनिलाला वास देणारं व्हॅनिलिन शेंगेतून काढा नाहीतर प्रयोगशाळेत बनवा, रेणू तोच असतो. उलट टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाचं अस्सल नैसर्गिक तेल मांजरांना चांगलंच बाधतं. डिफ्यूजरसाठी विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: सुगंध सोडून त्या बाटलीत आणखी काय आहे?

फ्रॅग्रन्स ऑइलमधला मूळ सुगंध फार तीव्र असतो, म्हणून तो बहुधा एखाद्या वाहक द्रवात पातळ करतात. डायप्रोपिलीन ग्लायकॉल आणि आयसोप्रोपिल मिरिस्टेट हे नेहमीचे वाहक. ते मुद्दाम सावकाश उडणारे निवडलेले असतात, कारण सुगंध धरून ठेवणं हेच त्यांचं काम. तिसरा एक प्रकार याहून फसवा: ‘लॅव्हेंडर ऑइल’ असं नाव, पण आत बदामाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात मिसळलेले लॅव्हेंडरचे थोडे थेंब. मालिशला ते उत्तम. डिफ्यूजरमध्ये कधीही नको.

का नको, ते यंत्र कसं चालतं यावरून कळतं. घरोघरी दिसणाऱ्या अल्ट्रासॉनिक डिफ्यूजरमध्ये टाकीच्या तळाशी एक छोटी तबकडी असते. ती सेकंदाला साधारण १७ ते २४ लाख वेळा थरथरते आणि पाण्याचे बारीक तुषार उडवते. त्याला सगळे ‘वाफ’ म्हणतात. ते थंड धुकं आहे. हा फरक शब्दांपुरता नाही. पाणी उकळलं तर जड पदार्थ भांड्यात मागे राहतात. इथे तशी निवड होतच नाही. तेल पाण्यात विरघळत नसलं तरी टाकीत जे काही आहे ते तुषारांबरोबर हवेत जातं. एसेन्शियल ऑइल बहुतांशी हवेत उडून जातं. वाहक द्रव किंवा बदामतेल लवकर उडत नाही. त्याचे थेंब फर्निचरवर बसतात आणि काही श्वासावाटे आत जातात. शिवाय तबकडीवर थर चढतो, तिची थरथर दबते आणि धुकं कमी होतं. ओळखीच्यांची ‘बिघडलेली’ दोन यंत्रं मी उघडून पाहिली. दोन्हींत तबकडीवर मेणचट थर होता. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन पुसल्यावर ती पुन्हा चालू झाली.

बाटलीत काड्या उभ्या केलेल्या, यंत्राविना चालणाऱ्या डिफ्यूजरमध्ये मात्र उलट. तिथे द्रव काडीतून हळूहळू वर चढायला हवा, म्हणून वाहक लागतोच. फ्रॅग्रन्स ऑइलचा सुगंध मनापासून आवडत असेल तर काड्यांचा डिफ्यूजर घ्या. अल्ट्रासॉनिकसाठी म्हणून विकली जाणारी फ्रॅग्रन्स ऑइलंही मिळतात, पण माझ्या यंत्रात मी ती घालत नाही. पाण्याविना, थेट तेलाचेच तुषार उडवणाऱ्या नेब्युलायझर प्रकारच्या डिफ्यूजरमध्ये फक्त शुद्ध अर्कतेल चालतं, तेही मुळातच दाट नसलेलं. चंदन, वाळा यांसारखी दाट तेलं त्याची नळी तुंबवतात.

खरेदी करताना ‘१०० टक्के शुद्ध’ या शब्दांवर जाऊ नका. कशाचं शुद्ध, ते त्यात सांगितलेलं नसतं. वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कोणता भाग वापरला आणि कसं काढलं, हे तिन्ही बाटलीवर हवं. ‘लॅव्हंड्युला अँगस्टिफोलिया’ म्हणजे खरं लॅव्हेंडर. ‘लॅव्हंड्युला इंटरमीडिया’ हा संकर, वासाला कापरासारखा तिखट. स्ट्रॉबेरी, सफरचंद, ‘समुद्राची झुळूक’ यांचं एसेन्शियल ऑइल नसतंच. गुलाबाच्या १ किलो तेलाला सुमारे ३ ते ४ टन पाकळ्या लागतात. तेव्हा गुलाब आणि संत्रं एकाच भावाने विकणाऱ्याकडून मी काहीच घेत नाही.

कागदाची चाचणी सगळे सांगतात: पांढऱ्या कागदावर थेंब टाका, दुसऱ्या दिवशी तेलकट डाग उरला तर भेसळ. बदामतेल त्यात पकडलं जातं, पण चटकन उडणारी कृत्रिम भेसळ सुटते. चंदन आणि वाळ्याचं तेल अस्सल असूनही डाग बराच वेळ राहतो. म्हणून निव्वळ कागदावर विसंबू नका.

१०० मिलिलिटर पाण्याला ३-४ थेंब पुरतात. अर्धा तास चालवून बंद करा, खिडकी किलकिली ठेवा. तान्ह्या बाळाच्या खोलीत निलगिरी आणि पुदिना नको. घरात मांजर असेल तर टी ट्री नकोच, आणि इतर कोणतंही तेल लावताना तिला खोलीबाहेर जायला वाट हवी. संत्र्या-लिंबाच्या तेलातला लिमोनीन हा घटक काही प्रकारचं प्लॅस्टिक खातो, त्यामुळे टाकी कशाची आहे ते आधी बघा. हीच तेलं हवा लागून सगळ्यांत लवकर खराब होतात: गडद काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून, थंड जागी ठेवा आणि उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा.